कॉम्प्सोग्नॅथस घडवताना: दोन पायांवर पळणाऱ्या चिमुकल्या डायनासोरची खऱ्या मापाची प्रतिकृती

विज्ञान प्रदर्शनात डायनासोर म्हटलं की बहुतेक वेळा थर्माकोलचा टी-रेक्स येतो. खऱ्या प्राण्याच्या विसाव्या हिश्शाएवढा, हिरवा, जबडा वासलेला आणि शेपटी जमिनीला टेकवून बसलेला. एवढा मोठा प्राणी छोटा करायचा तर बारकावे जाणारच. त्यापेक्षा मुळातच छोटा असलेला प्राणी निवडला तर तो खऱ्या मापात टेबलावर उभा राहतो आणि बघणाऱ्याला त्याच्या हाडामांसाचा अंदाज येतो.

कॉम्प्सोग्नॅथस लाँगिपेस हा त्यासाठी सगळ्यात सोयीचा. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळाच्या अखेरीस, आजच्या युरोपच्या जागी असलेल्या बेटांवर तो राहायचा. त्याचे दोनच चांगले सांगाडे हाती आहेत. पहिला १८५०च्या दशकात जर्मनीत बव्हेरियातल्या पातळ थरांच्या चुनखडीत सापडला. योझेफ ओबर्नडॉर्फर हे पेशाने डॉक्टर आणि छंदाने जीवाश्म गोळा करणारे, त्यांच्या संग्रहातला हा नग. योहान आंड्रेयास वॅग्नर यांनी १८५९मध्ये त्याचं नामकरण केलं आणि आज तो म्युनिकमध्ये आहे. दुसरा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या दक्षिणेला, नीसजवळच्या कान्जुएर भागात मिळाला. तो पॅरिसच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जर्मन सांगाडा सुमारे ८९ सेंटिमीटर लांबीच्या प्राण्याचा, फ्रेंच सव्वा मीटरच्या. जर्मन प्राणी पूर्ण वाढलेला नव्हता, असं मानलं जातं.

दोन पायांवर चालणं ही काही डायनासोरांचीच मिरास नव्हती, हे जाता जाता सांगून ठेवतो. जर्मनीतच थुरिंजियामध्ये यूडिबॅमस नावाचा वीतभर लांबीचा सरीसृप सापडला आहे. त्याचं वर्णन २००० साली प्रसिद्ध झालं आणि तो तब्बल २९ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनासोर जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचा. तोही मागच्या लांब पायांवर धावत असावा. पण त्याच्याविषयीचं साहित्य मिळवायला जड जातं. पहिल्या प्रतिकृतीला कॉम्प्सोग्नॅथसच घ्या.

आपण जर्मन मापाचा, ८९ सेंटिमीटरचा प्राणी करणार आहोत. खाली दिलेली मापं प्रतिकृतीसाठी सोयीची करून घेतलेली आहेत. जीवाश्मावरची मिलिमीटरची मोजणी म्हणून ती कुठे उतरवू नका.

सामान

हार्डवेअरच्या दुकानातून १० गेजची जीआय तार (पायांसाठी), १२ गेजची (पाठीच्या कण्यासाठी), १८ गेजची (बोटांसाठी) आणि बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात ती बायंडिंग तार घ्या. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे ध्यानात असू द्या. पक्कड, तार कापायचा कटर, मास्किंग टेप, १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायचा ६० बाय ३० सेंटिमीटरचा तुकडा, जुनी वर्तमानपत्रं, फेविकॉल, खडू पावडर, मेथीची पूड, सुतळी, पॉलिश पेपर, ॲक्रिलिक रंग आणि डोळ्यांसाठी ९-१० मिलिमीटरचे दोन काळे मणी. शिवाय मीटरभर लांब खाकी कागद.

थर्माकोल मुद्दाम यादीत नाही. तो हलका असतो, पण तारेभोवती नीट बसत नाही आणि कापताना घरभर होतो. कागदाचा लगदा वाळल्यावर टणक होतो, घासता येतो, आणि आपल्याकडे कागदी गणपती करणाऱ्यांमुळे त्याची रीत कुणाला तरी विचारायलाही सोपी जाते.

आधी कागदावर

खाकी कागद जमिनीवर पसरून प्राण्याची बाजूची आकृती खऱ्या मापात काढा. ही पायरी गाळून थेट तारेला हात घालायचा मोह होतो. तो आवरा, कारण पुढे प्रत्येक तार या कागदावर ठेवूनच वाकवायची आहे.

कागदाच्या मध्यापासून थोडं डोक्याच्या बाजूला एक ठिपका द्या. हा खुब्याचा सांधा. चित्र काढायला आपण सवयीने डोक्यापासून सुरुवात करतो, पण दोन पायांच्या प्राण्यात सगळा कारभार खुब्यावर चालतो. पुढे धड, मान, डोकं, मागे शेपटी, मध्ये हा टेकू. ठिपक्यातून एक आडवी रेघ मारा. त्या रेघेवर ठिपक्याच्या पुढे धडाचे साधारण २० सेंटिमीटर, मानेचे १०-११ आणि डोक्याचे साडेसात. ठिपक्याच्या मागे शेपटीचे ५०. म्हणजे निम्म्याहून जास्त प्राणी मागेच आहे. ही शेपटी छोटी केलीत की प्राणी नाकावर आपटणार, प्रतिकृतीतही आणि खऱ्या आयुष्यातही.

मान सरळ काढू नका, ती सौम्य 'एस'च्या वळणाची. मात्र इंटरनेटवर जर्मन सांगाड्याचा फोटो बघून त्याची नक्कल करायची नाही. त्या फोटोत मान पाठीवर उलटी फेकलेली दिसते आणि डोकं जवळपास पाठीला भिडलेलं. ती मेल्यानंतरची अवस्था आहे. मानेच्या वरच्या बाजूला लवचीक अस्थिबंध असतो. स्नायूंची पकड सुटली की तो मान मागे ओढतो. आखिम राइझडॉर्फ आणि मिखाएल वुट्के या संशोधकांनी कोंबडीच्या माना पाण्यात बुडवून ठेवल्या, तर त्या आपोआप ९० अंशांहून जास्त मागे वळल्या. त्यांचा अभ्यास २०१२मध्ये आला आणि त्यात हाच कॉम्प्सोग्नॅथस तपासलेला होता. खारकच्छाच्या तळाशी पडलेल्या प्रेताची ही मुद्रा जिवंत प्राण्याला देऊन 'तो मान उंचावून ओरडतोय' असं दाखवणारी चित्रं मी पाहिली आहेत. ती चित्रं बाजूला ठेवा.

आता पाय. मांडी ७ सेंटिमीटर, नडगी ९, तळपायाची लांब हाडं साडेपाच. इथे बहुतेकांची गफलत होते: मागे वाकलेला जो सांधा ठळक दिसतो त्याला लोक गुडघा समजतात. तो घोटा आहे. गुडघा वर, धडाला लागून, पुढच्या बाजूला असतो. प्राणी फक्त बोटांवर उभा असतो आणि टाच कायम हवेत. कोंबडीचा पाय समोर ठेवून पाहिलात तर सगळं लख्ख कळेल.

खुब्यातून खाली लंबरेषा टाका. मांडी त्या रेषेपासून ४५ अंश पुढे, नडगी लंबापासून ४० अंश मागे, तळपाय पुन्हा लंबापासून २५ अंश पुढे. हे तिन्ही कोन कोनमापकाने घेतलेत तर बोटांचं मूळ खुब्याच्या सुमारे दीड सेंटिमीटर पुढे येतं आणि खुब्याची उंची जमिनीपासून १७ सेंटिमीटर भरते. उंची तेवढी नाही भरली तर कुठेतरी कोन चुकला आहे. पुढे जाऊ नका.

बोटांचं मूळ पुढे का हवं? प्राण्याचा गुरुत्वमध्य खुब्यात नसतो, किंचित पुढे असतो, कारण पोट आणि छाती भरीव असतात. तो मध्य पावलांच्या वर यायला हवा. आजच्या पक्ष्यांना हाडांची लांब शेपटी नाही, म्हणून त्यांचा गुरुत्वमध्य आणखी पुढे सरकला आहे आणि त्यांची मांडी जवळजवळ आडवी झाली आहे. ते चालताना मुख्यतः गुडघ्यातून पाय हलवतात. कॉम्प्सोग्नॅथसची मांडी मात्र खुब्यातून मागेपुढे झुलायची. शेपटीच्या बुडापासून निघून मांडीच्या हाडाला जोडलेला एक दणकट स्नायू तिला मागे खेचायचा. त्यामुळे शेपटी तोलासाठी होती हे अर्धंच उत्तर झालं. पळण्याची ताकदही तिच्या बुडातून यायची.

तारेचा सांगाडा

१२ गेजच्या तारेचा मीटरभर तुकडा घेऊन कागदावरच्या कण्याच्या रेघेवर वाकवा. नाकाच्या टोकाशी छोटा आकडा करा म्हणजे डोक्याचा लगदा निसटणार नाही. शेपटीची तार शेवटपर्यंत सरळ ठेवा. टोकाला अगदी हलकी खाली झुकली तर चालेल. नागमोडी केलेली शेपटी सरड्याची वाटते.

१० गेजच्या तारेचा ७५ सेंटिमीटरचा तुकडा घ्या. याच एका तुकड्यातून दोन्ही पाय करायचे, कारण खुब्यावर जोड आला की तिथेच सगळं डगमगतं. मध्यभागी ४ सेंटिमीटरचा आडवा भाग ठेवून दोन्ही बाजू खाली वळवा, मग कागदावर ठेवून मांडी, नडगी, तळपाय असे कोन द्या. उरलेली तार तळपायाच्याच रेषेत सरळ खाली जाऊ द्या. ती प्लायमध्ये रोवायची आहे. आडवा भाग कण्याच्या तारेवर खुब्याच्या ठिपक्यावर ठेवून बायंडिंग तारेने आधी फुलीच्या, मग आडव्या वेढ्यांनी करकचून आवळा. वरून टेप. हा जोड हाताने हलवून पाहा. इथे लगद्यावर भिस्त ठेवू नका, लगदा भार पेलत नाही.

समोरून पाहताना दोन्ही पाय धडाच्या थेट खाली हवेत. सरडा, मगर यांचे पाय कुशीतून बाहेर फाकलेले असतात, डायनासोरांचे नव्हेत. दोन पावलांमध्ये ३ सेंटिमीटर अंतर पुष्कळ झालं.

प्लायमध्ये पावलांच्या जागी तळपायाच्याच तिरपेपणाने भोकं पाडा. तार आरपार घालून खालून काटकोनात वाकवा, प्लायला खाच पाडून तीत बसवा. खिळ्यांनी पक्की करायची ती मात्र पुढे तोल तपासून झाल्यावरच. तळाला चार कोपऱ्यांत रबराचे किंवा लाकडाचे ठोकळे लावलेत तर टेबलावर ओरखडे येत नाहीत आणि उचलताना बोटं घालायला जागा राहते. एक पाय उचललेली, धावती मुद्रा डौलदार दिसते हे खरं, पण मग अख्खा भार एकाच तारेवर येतो. पहिल्या खेपेला दोन्ही पावलं टेकवूनच करा, हवं तर एक पाऊल ४-५ सेंटिमीटर पुढे.

बोटं १८ गेजच्या तारेची. जमिनीला टेकणारी तीन, त्यांत मधलं सर्वांत लांब: आतलं ३ सेंटिमीटर, मधलं ४, बाहेरचं साडेतीन. आतल्या बाजूला वर एक छोटं बोट असतं, ते जमिनीला लागत नाही. तारेत किती ठिकाणी मोड द्यायचा हेही ठरलेलं आहे: आतल्या बोटात तीन हाडं, मधल्यात चार, बाहेरच्यात पाच, आणि प्रत्येकातलं शेवटचं हाड नखीचं. एवढं पाळलंत तर जाणकार माणूस खाली वाकून बघेल.

हात

हाताइतका वाद या प्राण्याच्या दुसऱ्या कुठल्याच अवयवावर झाला नसेल. जर्मन सांगाड्यात हातांची हाडं विखुरलेली होती. येल विद्यापीठाचे जॉन ऑस्ट्रम यांनी १९७८मध्ये तो पुन्हा बारकाईने तपासला आणि प्रत्येक हाताला दोनच बोटं असावीत असा निष्कर्ष काढला. त्याआधी १९७२मध्ये फ्रेंच सांगाड्याचं वर्णन करणाऱ्यांनी तर हाताच्या जागी पोहायचे वल्ह्यासारखे अवयव कल्पिले होते आणि प्राण्याला वेगळी जात म्हणून नावही दिलं होतं. वल्ही टिकली नाहीत आणि वेगळी जातही टिकली नाही. २००६मध्ये कारिन पायर यांनी फ्रेंच नमुन्याचा सविस्तर अभ्यास मांडला आणि हाताला तीन बोटं असल्याचं दाखवलं.

तेव्हा तीन बोटं करा, तिसरं बारीक. दंड ४ सेंटिमीटर, पुढचा हात अडीच, पंजा साडेतीन. जुन्या पुस्तकांमधली चित्रं अजूनही दोन बोटांची असतात. प्रदर्शनात कुणी ते पुस्तक दाखवलं तर वर्षांसकट उत्तर तयार ठेवा.

पंजे मात्र खाली झुकवू नका. दोन्ही तळवे एकमेकांसमोर, टाळी वाजवायच्या बेतात असल्यासारखे हवेत. माणसाला पुढचा हात फिरवून तळवा जमिनीकडे करता येतो, तसं या डायनासोरांच्या हाडांच्या रचनेत बसत नाही. बाजारातली प्लास्टिकची खेळणी सरसकट इथे घसरतात. पंजा कुठे वळलाय हे बघूनच मी खेळणं हातात घ्यायचं की नाही ठरवतो.

अंग भरणं आणि तोल तपासणं

वर्तमानपत्राचे घट्ट बोळे तारेभोवती टेपने गुंडाळत जा. धड सगळ्यात खोल जागी ७ सेंटिमीटर, रुंदीला ५. म्हणजे वरून बघता निमुळतं, बाजूने बघता भरलेलं. पोट गोल करण्याची हौस बाळगू नका. शेपटीचं बूड मात्र सढळ भरा, ४ सेंटिमीटरपर्यंत, कारण तो मांडी ओढणारा स्नायू तिथेच असतो. पुढे ती हळूहळू निमुळती. मांडीला मांस भरपूर, नडगीला वरच्या अर्ध्यात, आणि घोट्याखाली जवळजवळ काहीच नाही, नुसती हाडं आणि कातडी. पळणाऱ्या प्राण्यांचे पाय असेच असतात: जड स्नायू वर, त्यामुळे खालचा भाग हलका आणि झपाट्याने हलवता येण्याजोगा.

लगदा लावायच्या आधी तोल बघा. यासाठी प्राणी प्लायवरून काढावा लागेल, म्हणून खालची तार अजून कायमची ठोकू नका. खुब्याच्या २ सेंटिमीटर पुढे पाठीभोवती दोरा बांधून त्याला लटकवा. कणा आडवा राहिला तर गुरुत्वमध्य पावलांवर आहे. नाक खाली गेलं तर डोक्यातला आणि मानेतला कागद कमी करा किंवा शेपटीच्या पुढच्या निम्म्या भागात १० गेजच्या तारेचा तुकडा बांधा. शेपटी खाली गेली तर छातीत थोडी भर घाला. प्लायला रोवल्यावर कसाही उभा राहीलच की, असं म्हणून हे टाळता येतं, पण तोल चुकलेला प्राणी बघणाऱ्याला लगेच खटकतो, का खटकतो ते सांगता आलं नाही तरी. शिवाय घोट्याच्या तारेवर कायमचा ताण राहतो आणि काही महिन्यांत ती वाकते.

लगदा

वर्तमानपत्राचे बारीक तुकडे रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी रवीने घुसळा किंवा पाटा-वरवंट्यावर वाटा. घरच्या मिक्सरच्या भांड्यात नको, छपाईची शाई पोटात जायला नको. पाणी पिळून काढा, पण पार कोरडं करू नका. पिळलेला लगदा चार वाट्या असेल तर फेविकॉल एक वाटी, खडू पावडर एक ते दीड वाटी आणि कीड लागू नये म्हणून मेथीची पूड एक चमचा. पूर्वी खळीत मोरचूद घालायचे. ते विषारी आहे, मुलं हात घालणार असतील तर लांबच ठेवा. कणकेसारखं मळल्यावर बोटाला चिकटेनासं झालं की तयार.

एका वेळी ३-४ मिलिमीटरचाच थर लावा आणि तो पूर्ण वाळू द्या. जाड थर बाहेरून वाळतो, आतून ओला राहतो आणि मग तडे जातात किंवा बुरशी धरते. कडक उन्हात ठेवू नका, सावलीत, पंख्याखाली. पावसाळ्यात हे काम काढायचंच असेल तर वाळायला दुप्पट वेळ धरून चाला. वाळताना लगदा आकसतो आणि शेपटीला एका बाजूला बाक येऊ शकतो, म्हणून शेपटीला दोन्ही बाजूंनी सारखा थर एकाच बैठकीत लावावा. तडे पडले तर पातळ लगदा भरून पॉलिश पेपरने घासा.

डोकं

साडेसात सेंटिमीटर लांब, मागे अडीच उंच, पुढे निमुळतं. डोळे मोठे, कवटीच्या मागच्या अर्ध्यात, बाजूंना. मणी बसवून वर-खाली लगद्याची बारीक पापणी काढलीत की नजर येते. कवटीतला डोळ्याचा खळगा आणि बाहेरून दिसणारा डोळा यांत फरक असतो. खळग्याएवढा मणी लावला की प्राणी घाबरल्यासारखा दिसतो.

तोंड मिटलेलं ठेवा. या प्राण्याचे दात बारीक, टोकदार आणि संख्येने बरेच होते. एवढ्या लहान मापात ते नीट घडवणं अवघड आणि चुकले की करवतीसारखे दिसतात. शिवाय २०२३मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार मांसाहारी डायनासोरांचे दात सरड्यांप्रमाणे ओठांआड झाकलेले असावेत. मिटल्या तोंडाने दोन्ही प्रश्न मिटतात.

पिसं की खवले?

इथे तुम्हाला स्वतःचा निर्णय घ्यावा लागेल. कॉम्प्सोग्नॅथसच्या दोन्ही सांगाड्यांवर पिसांच्या खुणा नाहीत. पण त्याचा जवळचा नातलग सायनोसॉरोप्टेरिक्स १९९६मध्ये चीनच्या लिआओनिंग प्रांतातून जगापुढे आला, त्याच्या पाठीवर आणि शेपटीवर तंतूंसारखी आखूड पिसं स्पष्ट उमटलेली आहेत. दुसरीकडे कॉम्प्सोग्नॅथसच्याच प्रदेशातला, त्याच सुमाराचा ज्युरव्हेनेटर. त्याच्या शेपटीवर खवल्यांचे ठसे मिळाले.

माझं मत पिसांकडे झुकतं, तेही मर्यादेत. पाठ, मान आणि शेपटीची वरची बाजू आखूड तंतूंनी झाका. पोट विरळ, आणि घोट्याखाली नुसते खवले. सुतळी उसवून तिचे धागे ५ ते ८ मिलिमीटरचे कापा. शेपटीच्या टोकापासून सुरुवात करून डोक्याकडे यायचं, कौलं खालून वर चढवतात त्या क्रमाने. म्हणजे प्रत्येक ओळ आधीच्या ओळीची मुळं झाकते. धाग्याचं टोक मागे झुकलेलं हवं. हातांना पंख मुळीच लावू नका. पायांचे खवले लगदा ओला असताना टूथपिकने आडव्या रेघा ओढून काढा.

रंगाबाबत थेट पुरावा कॉम्प्सोग्नॅथसचा नाही, पण सायनोसॉरोप्टेरिक्सचा आहे. २०१०मध्ये त्याच्या तंतूंतल्या रंगकणांच्या पेशीकांचा अभ्यास झाला आणि शेपटीवर तांबूस-तपकिरी व फिकट पट्टे असल्याचं दिसलं. २०१७च्या अभ्यासात त्याची पाठ गडद, पोट फिकं आणि डोळ्यांवरून जाणारा गडद पट्टा असं चित्र पुढे आलं. पाठ गडद आणि पोट फिकं असण्याचा फायदा साधा आहे: वरून पडणारा उजेड पाठीला उजळवतो आणि पोट सावलीत जातं, रंग याच्या उलट असले की अंगाचा गोलावा लपतो आणि प्राणी सहज नजरेत भरत नाही. हीच योजना उसनी घ्या. सुतळीचा मूळ रंग पुसट खाकी असतो. त्यावर पाण्यात पातळ केलेला तपकिरी ॲक्रिलिक रंग पाठीवर दोनदा आणि कुशीवर एकदा फिरवला की रंगाची उतरण आपोआप येते. ठिपके, लाल तुरे आणि पोपटी हिरवा टाळलेला बरा.

पायाखालची जमीन

प्लायवर सगळ्यात आधी हात जातो तो प्लास्टिकच्या हिरव्या गवताकडे. गवत लावू नका. १५ कोटी वर्षांपूर्वी गवत असल्याचा पुरावा नाही, फुलंही नाहीत. डायनासोरांच्या काळात गवत होतं याचा पहिला भक्कम पुरावा महाराष्ट्रातून आला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याहून: तिथल्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका कण सापडल्याचं २००५मध्ये प्रसिद्ध झालं. पण ती विष्ठा क्रेटेशियसच्या, म्हणजे ज्युरासिकनंतरच्या काळाच्या, अगदी शेवटची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. कॉम्प्सोग्नॅथस त्याच्या आधी साडेआठ कोटी वर्षं होऊन गेला.

मग काय लावायचं? बव्हेरियाचा तो भाग तेव्हा उथळ, उबदार समुद्र होता. मधूनमधून सपाट बेटं, कोरडी हवा, खुरटी सूचिपर्णी झुडपं. फिकट पिवळसर वाळू फेविकॉलवर पसरा, चुनखडीचे चपटे तुकडे ठेवा, सुरूची बारीक वाळकी डहाळी एखाददुसरी. कडेला नालखेकडा चालेल, त्या चुनखडीत त्याचे जीवाश्म मिळतात. आर्किऑप्टेरिक्स हा पंखवाला शेजारीही त्याच दगडांतला. थॉमस हेन्री हक्सली यांनी १८६०च्या दशकात पक्षी आणि सरीसृप यांचं नातं मांडताना या दोघांना शेजारी ठेवलं होतं.

जागा उरली तर समोर लगद्याचा एक सरडा करा, लांब पायांचा आणि लांब शेपटीचा. जर्मन कॉम्प्सोग्नॅथसच्या पोटात असाच एक सापडला आहे. १८८१मध्ये ओ. सी. मार्श यांना ते पोटातलं पिल्लू वाटलं होतं. १९०३मध्ये फ्रान्झ नोप्चा यांनी ते खाल्लेलं भक्ष्य असल्याचं ओळखलं आणि ऑस्ट्रम यांनी त्याला दुजोरा दिला. चपळ सरडा पकडून जवळजवळ अख्खा गिळणारा प्राणी, एवढं तर त्या दगडानेच सांगितलं आहे. झुंडीने मोठ्या जनावरावर तुटून पडणारे कॉम्प्सोग्नॅथस पडद्यावरचे. दोन सांगाडे, दोन वेगवेगळ्या ठिकाणी, एकेकटे. झुंडीचा पुरावा यात कुठेही नाही. म्हणून एका प्लायवर एकच प्राणी ठेवा.

पाटी आणि ने-आण

पाटीवर नाव, काळ, ठिकाण आणि लांबी लिहा, आणि त्याखाली दोन रकाने करा. पहिल्यात दगडात प्रत्यक्ष दिसलेलं: सांगाडा, पायांची लांबी, हाताची तीन बोटं, पोटातला सरडा. दुसऱ्यात नातलगांवरून धरलेलं: पिसं, रंग, ओठ. परीक्षक हमखास 'रंग कसा कळला?' असं विचारतात. दुसऱ्या रकान्यात उत्तर आधीच असलं की मुलं गडबडत नाहीत. वेग लिहू नका. संगणकावरच्या एका अभ्यासात २००७मध्ये ताशी ६४ किलोमीटरचा आकडा आला होता आणि तो सगळीकडे उचलला जातो, पण तो स्नायूंविषयीच्या गृहीतकांवर उभा आहे. विचारलंच तर तोंडी सांगावा, गृहीतकांसकट.

रिक्षातून नेताना प्राणी मांडीवर घेऊ नका. प्लाय सपाट सीटवर ठेवा आणि डोकं मागच्या बाजूला येऊ द्या, म्हणजे ब्रेक लागल्यावर मानेला हिसका कमी बसतो. उचलताना नेहमी प्लायला धरा. शेपटी हँडलसारखी दिसते आणि जो तो तिलाच हात घालतो, तेव्हा प्रदर्शनात एका मुलाला तेवढ्याच कामावर उभं करा. घरी परतल्यावर पाठीवरची धूळ कोरड्या, मऊ रंगाच्या ब्रशने मानेकडून शेपटीकडे झाडायची. ओलं फडकं लावलं की सुतळी फुगते आणि खालचा फेविकॉल सुटतो.